फुकटाचे मोल

फुकट मिळाले तर कोणाला नको? पण जाणता माणूस फुकटाची वस्तू हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतो. देणाऱ्याला यातून काय मिळते? या धड्यात आपण फुकट इंटरनेटची खरी गोष्ट वाचू. ती आपल्या महाराष्ट्रातही घडली.

आधी इंटरनेट म्हणजे काय ते पाहू. जगातील असंख्य यंत्रे एकमेकांना जोडलेली आहेत. या जाळ्याला इंटरनेट म्हणतात. मोबाईलवर आपण हवामान पाहतो, सातबारा पाहतो, कांद्याचा भाव पाहतो. हे सारे या जाळ्यातून येते. त्यासाठी मोबाईल कंपनीला पैसे द्यावे लागतात. म्हणूनच आपण रिचार्ज मारतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुक ही अमेरिकन कंपनी आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स ही आपल्याकडील मोबाईल कंपनी एकत्र आल्या. त्यांनी एक योजना काढली. ज्या राज्यांत ती आधी सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ असे ठेवले. रिलायन्सचे सिम असेल तर काही ठरावीक गोष्टी फुकट पाहता येत. त्यांत फेसबुकही होते. बाकीच्या इंटरनेटला मात्र पैसे पडत. फुकटाच्या यादीत कोणी बसायचे, याच्या अटी फेसबुकने ठरवल्या होत्या.

डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हा शेतकरी फुकटात हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, त्याचा फायदा होतो. मग यात कोणाचे काय बिघडले? असा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त वाटतो. आमच्या वर्गात एका आजींनी हेच विचारले. “गुरुजी, गरिबाला थोडं का होईना, फुकट मिळत होतं. मग ते बंद का केलं?”

त्याचे उत्तर आपल्या बाजारात आहे. घोडेगावला किंवा राहुरीला कांद्याचा लिलाव असतो. ढिगाभोवती सगळे व्यापारी उभे राहतात. भाव मोठ्याने पुकारला जातो. जो जास्त बोलेल त्याला माल मिळतो. आता समजा, एक शेठ गावात आला आणि म्हणाला, “माझी गाडी फुकट न्या. भाडं नको. पण गाडी थांबेल ती मी सांगेन त्या चार आडत्यांच्याच दारात.”

पहिल्या वर्षी आपण खूश होऊ. भाडे वाचले! पण सगळा माल त्या चौघांकडे जाऊ लागला की बाकीच्यांची दुकाने बसतील. मग चौघे ठरवतील तोच भाव. भाड्याचे शंभर वाचले आणि भावात हजार गेले, असा तो हिशेब होईल.

इंटरनेटचेही तसेच आहे. नगरच्या एखाद्या मुलाने कांद्याच्या भावाचे चांगले ॲप बनवले आणि ते फुकटाच्या यादीत नसले, तर गरीब शेतकरी ते उघडणारच नाही. म्हणून पुष्कळ लोकांनी या योजनेला विरोध केला. रस्ता सर्वांना सारखा हवा, हे त्यांचे म्हणणे. यालाच ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात.

भारतात दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी एक सरकारी संस्था आहे. तिचे नाव ‘ट्राय’. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने लोकांची मते मागवली. काही प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या वापरणाऱ्यांपुढे तयार मजकूर ठेवला. लाखो लोकांनी बटण दाबले आणि तो मजकूर ट्रायकडे गेला. पण ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती. ट्रायने तसे फेसबुकला कळवले.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला. इंटरनेटवर काय पाहिले यावरून कमीजास्त दर लावता येणार नाही. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. संकटकाळच्या सेवांना तेवढी सूट. त्याच आठवड्यात फेसबुकने भारतातील ही योजना बंद केली.

मग गरिबाला इंटरनेट मिळाले की नाही? मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनी आली. सुरुवातीचे काही महिने तिनेही इंटरनेट फुकट दिले, पण ते सगळेच्या सगळे दिले. पुढे इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. जिओचाही हेतू गिऱ्हाईक जोडण्याचा होता, धर्मादाय नव्हता. तरी बाजाराचे दार उघडे राहिले.

फुकटाची आणखी एक तऱ्हा आहे. व्हॉट्सॲप आपण सारे वापरतो. तेही फेसबुकच्याच मालकीचे आहे. त्या कंपनीचे नाव आता ‘मेटा’ आहे. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत, पण आपल्याविषयीची माहिती पडते. २०२१ मध्ये त्यांनी नव्या अटी पुढे केल्या. स्वीकारा, नाहीतर सोडा, असा त्यांचा रोख होता. अशी सक्ती गैर आहे, असे भारतीय स्पर्धा आयोगाने ठरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोगाने मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. जाहिरातींसाठी ही माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायची नाही, अशी पाच वर्षांची बंदीही घातली. कंपनीने अपील केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली.

मंडळी, यातून काय घ्यायचे? पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई. ज्याला वाचता येत नसे, त्याची जमीन जाई. तुम्ही आता सही करता. अंगठ्याचे दिवस गेले, असे तुम्हाला वाटते. पण मोबाईलवर ‘मान्य’ हे बटण आपण कशाने दाबतो? अंगठ्यानेच! न वाचता दाबले तर तो कोऱ्या कागदावरचाच अंगठा.

म्हणून मोबाईलची भाषा मराठी करून घ्या. ‘परवानगी द्या’ असे आले की थांबा. कशाची परवानगी मागतात ते वाचा. टॉर्चच्या ॲपला तुमचे फोन नंबर कशाला हवेत? समजले नाही तर ‘नाही’ म्हणा, किंवा जाणत्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तुम्हाला वाचता येते, आणि ते याच कामी यायला हवे.

प्रश्न

१. फुकट गाडी देणाऱ्या शेठची अट काय होती? तिच्यामुळे शेतकऱ्याचे काय नुकसान झाले असते?

२. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी कोणता नियम केला?

३. घरी मोबाईल उघडा. कोणत्या ॲपला कशाची परवानगी दिली आहे ते वाचा आणि वहीत लिहून आणा.