लग्नाची ऑर्डर, घरचं खातं

प्रश्न : लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. ॲडव्हान्स माझ्या बचत खात्यातच येतो. चालू खातं उघडू का?
– एक छायाचित्रकार, पिंप्राळा

उत्तर : उघडा, पण आधी किमान शिल्लक विचारा. तुमची कमाई तिथीची. तुळशीच्या लग्नानंतर खातं भरतं, चातुर्मासात आटतं. सरासरी शिल्लक घसरली की दंड कापला जातो आणि चालू खात्यावर व्याजही मिळत नाही. म्हणून कमी शिल्लकेची योजना घ्या, मग बँक सरकारी असो वा जळगावातली सहकारी. ठेवींना ५ लाखांपर्यंतचा विमा दोन्हीकडे आहे.

स्टुडिओच्या नावाने खातं हवं तर उद्यम नोंदणी आणि गुमास्ता काढून ठेवा. उद्यम ऑनलाइन फुकट होते, एजंटाला पैसे कशाला? क्यूआर त्याच खात्याचा लावा, म्हणजे कॅमेऱ्याच्या कर्जाच्या वेळी धंद्याची उलाढाल स्वच्छ दिसेल.

आणि एक, जे आपल्याकडे सर्रास विसरलं जातं : एकाच लग्नापोटी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, हप्त्यांनीसुद्धा. घेतलीत, तर तेवढाच दंड तुम्हाला बसू शकतो, वधूपित्याला नव्हे.