आमच्या वेळचं मेटल

सोसायटीच्या जिन्यात गाठून एखादी आई हळूच विचारते, “तुम्हाला त्या रॉकबिकमधलं कळतं ना? आमचा मुलगा काहीतरी भयंकर ऐकतो हो. काळजी करू का?” तिला मी दोन मिनिटांत मोकळं करतो. कवट्या, काळे टीशर्ट, भुतंखेतं यांत घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या आईवडिलांनी हीच काळजी १९८५ साली थेट सिनेटपुढे नेली होती. तिथे ट्विस्टेड सिस्टरचा डी स्नायडर आपल्या झिंज्यांसकट आला आणि गाण्यांचा अर्थ शांतपणे समजावून गेला. निष्पन्न काय, तर रेकॉर्डवर पालकांना सावध करणारी चिठ्ठी लागली, आणि पोरांना तेवढं निमंत्रण पुरलं.

मला आज बोलायचंय ते वेगळ्याच आईवडिलांशी. ज्यांनी कॉलेजात केस वाढवले होते, ज्यांच्या माळ्यावर कॅसेटींचा खोका अजून आहे, आणि ज्यांची खात्री आहे की आपल्याला मुलांचं गाणं कळतं. म्हणजे माझ्यासारख्यांशी. आपण घाबरत नाही. आपण परीक्षा घेतो.

२०२२ च्या जुलैतली गोष्ट. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत एक मुलगा मेटॅलिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ गिटारवर वाजवतो. गाणं १९८६ चं, पण जगभरच्या पोरांनी ते कालच आल्यासारखं उचललं. लेक तेव्हा आठवीत होती. साठवलेल्या पैशांतून तिने मेटॅलिकाचा टीशर्ट घेतला आणि रविवारी सकाळी घालून बाहेर आली. मी पोहे खात होतो. म्हणालो, “वा! आता त्यांची तीन गाणी सांग बघू. हे सोडून.” तिने एक सांगितलं, दुसऱ्याला अडखळली. मी हसलो. नुसता हसलोच, दुसरं काही बोललो नाही. टीशर्ट त्या दिवशी कपाटात गेला, तो पुन्हा तिच्या अंगावर दिसला नाही. खुद्द मेटॅलिकाने त्याच सुमारास नव्या श्रोत्यांना या, सगळ्यांचं स्वागत आहे म्हणून सांगितलं होतं. बँडला चाललं, बापाला चाललं नाही.

गंमत अशी की मी स्वतः कुठल्या दारातून आत आलो होतो? टीव्हीच्याच. डोंबिवलीत आमच्याकडे केबल आली आणि एमटीव्हीवर मेटॅलिकाचा १९९१ चा तो काळ्या कव्हरचा अल्बम दिसायला लागला. धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला गेलो, तर तिथल्या थोराड पोरांच्या लेखी तो अल्बम म्हणजे मेटॅलिकाचं विकलं जाणं. गाणी आखूड झाली, वेग गेला, रेडिओवाल्यांची सोय पाहिली, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या एकाने मला विचारलंच होतं, “आधीची तीन गाणी सांग.” पुढे १९९६ साली मेटॅलिकावाल्यांनी केस कापले, तेव्हा मीही घरातलं कुणी गेल्यासारखा आठवडाभर फिरलो. तोवर मी परीक्षकांच्या बाकावर बसलो होतो.

आणि ऐकायचो तरी काय! रिदम हाउसमध्ये जाऊन कव्हरं न्याहाळायची, ऐपत नाही म्हणून परत यायचं आणि मित्राकडून कॅसेट भरून घ्यायची. ती भरलेलीही आधी भरलेलीवरून. चौथ्या हाती आलेल्या त्या कॅसेटवर आयर्न मेडनचा बास जवळजवळ नव्हताच. तो बास हेच त्या बँडचं इंजिन आहे, हे मला सीडी आल्यावर कळलं. आमचे अप्पा बालगंधर्वांचे भक्त. ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे, “झाली का गिरणी सुरू?”

अप्पांचा टोमणा अचूक होता, हे त्यांना कधी सांगता आलं नाही. हे संगीत खरंच कारखान्यातून आलंय. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी १७ वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. हा डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने साबणाच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावल्या. पुढे त्याच्या ब्लॅक सॅबाथ बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिऍलिटी’ अल्बमात तर गिटार दीड स्वराने खाली उतरवली. तारा सैल, म्हणून बोटांना कमी त्रास. आणि सैल म्हणूनच तो खोल, जड, पोटात शिरणारा आवाज. १९९४ साली कॉर्नने सात तारांची गिटार आणून तो आणखी खाली नेला, मेशुगा आठ तारांवर गेले. लेक आज जे ऐकते, ज्याला मी “नुसती घरघर” म्हणायचो, ते या सैल तारेचंच नातवंड आहे. हे मला ठाऊक होतं, तरी मी तिला “खरं मेटल” शिकवायला बसलो होतो.

टीशर्टनंतर दीडेक वर्ष ती माझ्याशी गाण्यावर बोललीच नाही. मग एकदा आम्ही मटार सोलत बसलो होतो, तेव्हा तिने फोनवर युक्रेनच्या जिंजर बँडचं ‘पायसीस’ लावलं. बाई गात होती, हळू, जवळजवळ अंगाईसारखी. मी मान डोलावली. मिनिटभराने विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. “हा कोण आला मधेच?” मी विचारलं. ती इतकी हसली की मटार सांडले. “तीच आहे, बाबा. तातियाना.” मग घशातल्या मूळ स्वरतंतूंना ताण न देता वरचे पडदे कसे थरथरवायचे, हे तिने मला समजावलं. त्याचा रियाज असतो, शिकवणारे असतात. घसा फाडणं वेगळं आणि हे वेगळं. मी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतो आणि मला उत्तर आधीपासून माहीत नव्हतं.

तिचं सगळंच मला आवडतं असं नाही. मुखवटे घालून गाणारे स्लीप टोकन मला गुळचट वाटतात. २०२५ साली त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला, त्याने माझं मत बदललं नाही. हे तिला मी सांगतो, तीही माझ्या डेफ लेपर्डवर नाक मुरडते. पण तिच्या एकाच यादीत स्लीप टोकन, ढोल वाजवणारे दिल्लीचे ब्लडीवुड आणि अरिजित सिंग शेजारी-शेजारी नांदतात, त्यात तिला काही वावगं वाटत नाही. आमच्यात अरिजितसारखं काही ऐकलेलं उघडकीला आलं असतं, तर टोळीतून नाव कटलं असतं.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नका. आवाज. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब असा, की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, पण ९० ला जेमतेम ४. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला कानांपायी २०१६ मध्ये दौरा सोडावा लागला; मेटॅलिकाच्या लार्स उलरिकच्या कानात कायमची शीळ वाजते. तेव्हा फोनवरची मर्यादा लावून द्या. मे २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसला आम्ही दोघं गेलो, तेव्हा तिने पर्समधून फोमचे बोळे काढले, दोन तिला, दोन मला. मी रुबाबात नको म्हणालो. पुढचे दोन दिवस माझ्या कानात कुकरची शिट्टी होत होती.

त्याच वर्षी जुलैच्या ५ तारखेला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबाथचा ओझी ऑझबर्न शेवटचं गायला, सिंहासनावर बसून. १७ दिवसांनी गेला. बातमी आली त्या रात्री लेक माझ्या खोलीत आली. डोळे लाल. व्हिला पार्कच्याच मंचावर यंगब्लड नावाचा २७ वर्षांचा पोरगा ‘चेंजेस’ गायला होता, ते ती ऐकत होती. “बाबा, मूळ ब्लॅक सॅबाथचं आहे. १९७२ चं. गिटार नाही, ड्रम्स नाहीत. आयोमीने पियानो वाजवलाय. ऐकलंयस?”

माझ्या माळ्यावरच्या कॅसेटवर ते आहे. पियानो सुरू झाला की मी ‘हे काही मेटल नाही’ म्हणून बटण दाबून पुढे पळवायचो.

“पूर्ण कधी नाही ऐकलं,” मी म्हणालो.

तिने एक इअरफोन काढून माझ्या तळहातावर ठेवला.