आजी लोईस, आई युनीके

आजचे वाचन: २ तीमथ्य १:३-७



पौल कैदेत आहे आणि आपला शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय (४:६). अशा वेळी तो तीमथ्याला पत्र लिहायला घेतो आणि सुरुवातीलाच आठवण कोणाची काढतो? तीमथ्याच्या आजीची आणि आईची. तुझ्यात जो निष्कपट विश्वास आहे, तो आधी त्या दोघींमध्ये होता, असं तो लिहितो.

लोईसचं नाव संपूर्ण पवित्र शास्त्रात फक्त इथेच येतं. तिने उपदेश केला, मंडळी स्थापन केली, असं काहीही लिहिलेलं नाही. पण तिच्या नातवावर पौलाने इफिसातल्या मंडळीची जबाबदारी सोपवली (१ तीमथ्य १:३).

त्या घरातली परिस्थिती सोपी नव्हती. युनीके विश्वास ठेवणारी यहूदी स्त्री, पण तिचा नवरा ग्रीक (प्रे. कृत्ये १६:१). लुस्त्र म्हणजे तेच गाव, जिथे लोक आधी पौल-बर्णबाला देव समजून बळी द्यायला निघाले आणि नंतर पौलाला दगडमार केली (अध्याय १४). मुलाची सुंताही झालेली नव्हती. तरी पवित्र लेख तीमथ्याला बाळपणापासून ठाऊक होते (३:१५). ते शिकवणारं त्या दोघींशिवाय दुसरं कोण असणार?

३:१४ नीट वाचा. शिकलेल्या गोष्टींना धरून राहा, असं सांगताना पौल त्या कोणाकडून शिकलास याचीही आठवण करून देतो. का? कारण शंका येतात तेव्हा वाद-युक्तिवाद अपुरे पडतात, पण गुडघे टेकलेलं एखादं माणूस डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या कामात कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते एका कमांडमध्ये दिसतं. आपल्या प्रार्थनेतले शब्द कोणाकडून आले, हे मात्र आठवूनच शोधावं लागतं.

तुम्ही म्हणाल, “माझ्या घरात लोईस नाही. मी एकटाच विश्वासात आलोय.” मग रोम १६:१३ पाहा. रूफाच्या आईला पौल स्वतःचीही आई म्हणतो! आणि तीमथ्याला तो स्वतःचं लेकरू म्हणतो. देव मंडळीतून आपल्याला अशी माणसं देतो. पण त्यासाठी कोणीतरी आपल्याला ओळखायला हवं. हेडफोनवर ऐकलेला उपदेशक कितीही चांगला असो, त्याला आपलं नाव माहीत नसतं. पौल मात्र तीमथ्याची रात्रंदिवस प्रार्थनेत आठवण करत होता (१:३).

आणि एक गोष्ट. सहाव्या वचनात पौल तीमथ्याला देवाचं कृपादान पुन्हा प्रज्वलित करायला सांगतो. निखारा दुसऱ्याच्या चुलीतून मिळू शकतो, फुंकर आपल्यालाच घालावी लागते.

आजसाठी:
१. ज्यांच्यामुळे तुम्ही प्रार्थना करायला शिकलात, त्यांची नावं वहीत लिहा. त्यांतल्या एकाला आज फोन करा.
२. ज्याच्यासाठी तुम्ही लोईस होऊ शकता, असं एक नाव लिहा. या आठवड्यात रोज त्या व्यक्तीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा.

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांनी माझं नाव तुझ्यापुढे घेतलं, त्यांच्यासाठी तुझे आभार. जे एकटे आहेत त्यांना आई-बाप, भाऊ-बहीण दे. माझ्यातला विश्वास माझ्यापाशीच थांबू देऊ नकोस. येशूच्या नावात मागतो, आमेन.