दोन पायऱ्यांमधली फट

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या पेआउट सिस्टीमने सतरा विक्रेत्यांना तेच पैसे दोनदा पाठवले. रक्कम मोठी नव्हती आणि विक्रेतेही सज्जन निघाले. दोघांनी तर आपणहून फोन करून कळवलं. झोप उडाली ती लॉग्ज चाळताना. एकाही वर्करने चूक केलेली नव्हती. प्रत्येकाने नेमून दिलेलं काम नेमून दिल्याप्रमाणे केलं होतं. सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, आणि दोन दिवस डोकं आपटूनही ती घटना टेस्ट सर्व्हरवर पुन्हा घडवता आली नाही. त्या वर्षी माझ्या वाट्याला फराळापेक्षा टीएलए प्लस ही डिझाइन तपासायची भाषाच जास्त आली. तेव्हापासून गाठीला बांधलेल्या या काही गोष्टी.

१. टाइमआउट म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे

आमची रीत साधी होती. वर्करने पेआउट उचलायचं, त्यावर ३० सेकंदांची लीज घ्यायची. तेवढ्यात काम झालं नाही तर तो गेला असं समजून दुसऱ्याने ते उचलायचं. त्या दिवशी पहिला वर्कर गेला नव्हता. जावाच्या गार्बेज कलेक्शनमध्ये तो पाऊण मिनिट थिजला होता. शुद्धीवर आल्यावर त्याच्या लेखी मधे काही घडलंच नव्हतं, म्हणून त्याने हातातलं काम पुरं केलं. तोवर दुसऱ्यानेही ते पुरं केलं होतं.

कडी लावून गाढ झोपलेला आणि घरात नसलेला, दोघेही दाराबाहेरून सारखेच. घड्याळ बघून यातला फरक कळत नाही. दोन यंत्रांवरच्या घटनांमध्ये आधी काय आणि नंतर काय हे भिंतीवरच्या घड्याळाने नव्हे, तर निरोपांच्या ये-जा करण्याने ठरतं, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या निबंधात मांडून ठेवलंय. तो निबंध मी कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. मार्क चांगले पडले होते.

२. ‘बरोबर’ म्हणजे काय, हे आधी लिहून काढा

टीएलए प्लस हीही लॅम्पोर्ट यांचीच निर्मिती. (शोधनिबंध लिहिणारे ज्याच्या नावाने बोटं मोडतात ते लेटेकही त्यांचंच.) ही प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. सिस्टीमची सुरुवातीची स्थिती काय आणि एका स्थितीतून पुढच्या स्थितीत कसं जाता येतं, एवढंच तिच्यात संच आणि तर्काच्या गणितात लिहायचं. मग कुठलीही स्थिती आली तरी जे खरं राहिलंच पाहिजे, ते लिहायचं. त्याला इन्व्हेरियंट म्हणतात. त्यानंतर टीएलसी नावाचा मॉडेल चेकर पोचता येण्याजोगी प्रत्येक स्थिती तपासतो.

मला वाटलं होतं, आमचा इन्व्हेरियंट एका ओळीत होईल: एका पेआउटचे पैसे एकापेक्षा जास्त वेळा जाऊ नयेत. लिहायला बसलो आणि प्रश्न फुटत गेले. पैसे गेले, पण आमच्या डेटाबेसात नोंद व्हायच्या आत वर्कर पडला, तर ते ‘गेले’ धरायचे का? बँकेने उत्तरच दिलं नाही तर? प्रॉडक्टवाल्यांना विचारलं, त्यांनी अकाउंट्सकडे बोट दाखवलं, अकाउंट्सने आमच्याकडे. तीन वर्षं चाललेल्या सिस्टीममध्ये हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. टीएलसी एकदाही न चालवता आम्हाला चार घोळ सापडले होते.

३. वाटा मोजू नका, ठिकाणं मोजा

चेकर ‘सगळ्या शक्यता’ तपासतो हे ऐकून मला ती थाप वाटली होती. दोन वर्कर, प्रत्येकाच्या दहा पायऱ्या; त्या एकमेकींत गुंफण्याचे प्रकार होतात १,८४,७५६. तिसरा वर्कर आणला की आकडा साडेपाच लाख कोटींच्या पुढे. टेस्टिंगने यातल्या किती वाटा तुडवल्या जाणार?

खुबी अशी, की चेकर वाटा मोजत नाही. चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात, फक्त उजवीकडे आणि वर सरकत जायच्या वाटा त्याच १,८४,७५६. पण रेघा जिथे छेदतात ते बिंदू फक्त १२१. एका बिंदूवर कुठल्याही वाटेने आलात तरी तिथून पुढचं भविष्य तेच, म्हणून प्रत्येक बिंदू एकदाच तपासला की पुरतं.

खऱ्या मॉडेलमध्ये पायरीच्या आकड्यासोबत लीज, रांगेतले निरोप, डेटाबेसातल्या नोंदी असं सगळं येतं आणि बिंदूंची संख्या भराभर फुगते. आमचं पहिलं मॉडेल पाच वर्कर आणि दहा पेआउटचं होतं. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घोंगावत राहिला, सकाळी डिस्क भरलेली. मग दोन वर्कर आणि एक पेआउट इतकं लहान केलं. काही सेकंदांत उत्तर आलं, आणि चूक त्यातही होतीच. लहान मॉडेलमध्ये न सापडणाऱ्या चुका असतात, नाही असं नाही. पण माझ्या वाट्याला आलेल्या बहुतेकांना दोन वर्कर आणि एक अवेळी आलेली झोप एवढं पुरलं.

४. पहिल्या फटक्यात हिरवं आलं तर चहा नका पिऊ

हा धडा सगळ्यात महागात पडला असता.

दुहेरी पेआउटवर आम्ही उपाय काढला होता फेन्सिंग टोकनचा. प्रत्येक नव्या लीजला चढता क्रमांक द्यायचा. पैसे पाठवण्याआधी वर्करने बघायचं, की आपला क्रमांक अजून सगळ्यात ताजा आहे ना. शिळा असेल तर मुकाट्याने बाजूला व्हायचं. हे मॉडेलमध्ये घातलं, टीएलसी चालवलं, एकही चूक नाही. मी मॅनेजरला मेलही लिहायला घेतली.

नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेली आमची एक सहकारी स्क्रीनकडे बघत होती. तिने विचारलं, “अरे, पण टोकन बघणं आणि बँकेला सांगणं, दोन्ही एकाच पायरीत कसं होईल?”

मी ते एकाच पायरीत लिहिलं होतं. टीएलए प्लसमध्ये एक पायरी म्हणजे अखंड घटना. तिच्या मधे कोणी शिरू शकत नाही. कोडमध्ये मात्र त्या दोन गोष्टी होत्या, आणि त्यांच्यामध्ये नेटवर्क होतं. पायरी तोडून दोन केल्या. पुढच्याच रनमध्ये लाल. पहिला वर्कर टोकन बघतो, ताजं आहे. तिथेच थिजतो. लीज संपते. दुसरा नवं टोकन घेतो, बघतो, पैसे पाठवतो. पहिला जागा होतो आणि, बघून तर झालंय, पैसे पाठवतो. टोकन तपासायचं तर ते पैसे देणाऱ्याने तपासायला हवं होतं, आणि बँक आमची टोकनं कशाला बघेल?

खरा उपाय एका ओळीचा निघाला. बँकेला पाठवायचा संदर्भ क्रमांक आमचा कोड प्रत्येक प्रयत्नाला नवा बनवत होता, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने ती दोन वेगळी देणी होती. तो क्रमांक पेआउटवरूनच काढला. दुसरी विनंती बँकच नाकारू लागली.

तेव्हापासून मॉडेल हिरवं आलं की मी त्यात मुद्दाम एक चूक घालतो आणि चेकर ती पकडतो का ते बघतो. नाही पकडली तर मॉडेलच गळकं.

५. लाल ट्रेस घाई न करता वाचा

चूक सापडली की टीएलसी तिथवर पोचणारी पायऱ्यांची मालिका हातात देतो, आणि ती सहसा सर्वांत छोटी असते. आमची अकरा पायऱ्यांची होती. अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ साली लिहिलेल्या एका लेखात डायनॅमोडीबीतल्या एका चुकीची हकिगत आहे. तिच्याकडे नेणारा सर्वांत छोटा रस्ताच ३५ पायऱ्यांचा होता. डिझाइन रिव्ह्यू, कोड रिव्ह्यू आणि टेस्टिंग, तिन्ही चाळण्यांतून ती सुटली होती. पस्तीस पायऱ्या पुढचं कोणाला दिसणार? मी ट्रेस कागदावर उतरवतो, प्रत्येक वर्करला एक उभा रकाना देऊन. हाताने लिहिताना कुठल्या पायरीला ‘थांब, हे असं होईलच कसं’ असं मनात येतं, तिथेच बहुधा उत्तर असतं.

६. नाव सांभाळून घ्या

‘फॉर्मल मेथड्स’ म्हटलं की मीटिंगमधले निम्मे लोक फोन काढतात. पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसीत आणि पवईच्या आयआयटीत या विषयावर वर्षानुवर्षं संशोधन झालंय, तरी आमच्या मजल्यावर कोणाला त्याचा गंध नव्हता, मलाही नव्हता. अ‍ॅमेझॉनवाल्यांनीही तो शब्द टाळून ‘पूर्णपणे तपासता येणारा स्यूडोकोड’ अशा धाटणीचं वर्णन वापरलं. मी त्याला ‘डिझाइनची टेस्ट’ म्हणतो.

७. मॉडेल तपासलंय, कोड नाही

हे मी दर तीन महिन्यांनी कोणाला तरी सांगतो. उलट बाजूही तितकीच खरी: कागदावरची सिद्धता बघून गाफील राहू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेला कॉर्ड हा प्रोटोकॉल सिद्ध झालेला मानला जाई आणि अतोनात उद्धृत होई. पामेला झेव्ह यांनी अलॉय या साधनात त्याचं लहानसं मॉडेल मांडलं, तेव्हा कळलं की प्रसिद्ध झालेल्या रूपात तो बरोबर नाही. साध्यासरळपणासाठी नावाजलेल्या राफ्ट या प्रोटोकॉलमध्येही सदस्य बदलण्याच्या एका पद्धतीत चूक निघाली, आणि २०१५ साली ती स्वतः कर्त्यानेच जाहीर केली. हे वाचून मला धीर आला, का ते सांगता येणार नाही.

८. मध्यरात्र मॉडेलमध्ये घाला

बँक जुना संदर्भ क्रमांक ओळखते, हे आम्ही मॉडेलमध्ये गृहीत धरलं होतं. गृहीतकांची यादी स्पेकच्या डोक्यावर लिहायची सवय लागली होती, म्हणून ते ठळक दिसत होतं. बँकेला लेखी विचारलं: किती काळ ओळखता? उत्तर आलं: त्याच दिवसापुरतं. मॉडेलमध्ये बँकेला विसरभोळी केली आणि टीएलसीने लगेच ११ वाजून ५५ मिनिटांचा पेआउट १२ वाजून ५ मिनिटांनी पुन्हा पाठवून दाखवला.

दिवस उलटल्यावर आपोआप पुन्हा पाठवायचंच नाही, असं ठरवलं. आता पैसे दोनदा जात नाहीत, हे मॉडेलपुरतं तरी पक्कं. पण इन्व्हेरियंट फक्त वाईट होणार नाही याची हमी देतो. काहीच न करणारी सिस्टीमही तो आनंदाने पाळते. चांगलं कधीतरी होईलच, ही अट वेगळी लिहावी लागते, आणि आमची ती अट मोडली. काही पेआउट अर्धवट लटकू शकतात, हे चेकरने दाखवलं. बँकेची आठवण आमच्या हातात नव्हती. म्हणून लटकलेल्यांची वेगळी यादी केली. रोज सकाळी कोणीतरी ती उघडतं, बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघतं आणि हाताने निकाली काढतं. या आठवड्यात माझी पाळी आहे. काल यादीत एकच नाव होतं, आज एकही नाही.