क्रोधाचा वेग व त्याचे आवरण

गेल्या उत्सवात पालखी निघण्याच्या वेळी सभामंडपात एका दहा वर्षांच्या मुलाच्या हातून तेलाची बुधली निसटली आणि ताज्या रांगोळीवर तेल पसरले. आम्ही चारचौघांत त्याला जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. फरशी पाच मिनिटांत स्वच्छ झाली. तो मुलगा मात्र पुढे पंधरा दिवस आरतीला फिरकला नाही. त्या रात्री वडिलांनी आम्हास एवढेच विचारले, "त्याने सांडले ते पुसले गेले. सोवळ्यात उभा राहून तू जे सांडलेस ते कोणी पुसायचे?" या प्रश्नानेच आम्हास प्रस्तुत विषयाचा विचार करावयास लावले.

क्रोध अकस्मात येतो असे आपण समजतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ हे श्लोक निराळेच सांगतात. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा आणि इच्छेतून क्रोध, असा तो क्रम आहे. पुढे मोह, स्मृतीचा भ्रंश व बुद्धीचा नाश. म्हणजे क्रोध ही साखळीची पहिली कडी नव्हे. आमच्याच उदाहरणात पाहा: उत्सव निर्दोष व्हावा, आणि खरे सांगायचे तर त्याबद्दल आमची वाहवा व्हावी, ही इच्छा पहाटेपासून मनात घोळत होती. त्यात उपवास आणि जागरण. तेल हे केवळ निमित्त झाले.

शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. राग येताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. शरीर जणू लढाईला सज्ज होते. आणि अशा वेळी साधकबाधक विचार करण्याची शक्ती मंदावते. स्मृतिभ्रंश म्हणतात तो हाच. समोर उभे आहे ते लहान मूल आहे, याचाच आम्हास विसर पडला होता.

मग उपाय कोणता? राग ओकून टाकावा, म्हणजे मन हलके होते, असा एक समज आहे. परंतु १५० हून अधिक संशोधनांचा एकत्र विचार करून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, आदळआपट व आरडाओरड यांनी राग शमत नाही. शरीराची खळबळ शांत करणारे दीर्घ श्वसन, ध्यान, शिथिलीकरण यांनीच तो उतरतो. गीतेच्या पाचव्या अध्यायातही काम व क्रोध यांचा वेग सहन करण्यास जो समर्थ, तोच सुखी, असे म्हटले आहे. वेग हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. पुराचे पाणी चढते तसे ओसरते. तेवढा वेळ काठावर थांबता आले पाहिजे.

तथापि राग गिळून बसणे म्हणजे आवरण नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मन्यूला उद्देशून दोन सूक्ते आहेत. तेथे हा आवेश देवतारूपाने आळविला आहे. अन्याय पाहून मन पेटणे हा दोष नाही. त्या अग्नीने दिवा लावावयाचा की घर जाळावयाचे, हा प्रश्न आहे. तसेच राग धरून दार लावून बसणेही हितकर नाही. ज्ञानेश्वरांनी लोकांच्या वागण्याने खिन्न होऊन ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने त्यांची समजूत घातली, अशी परंपरा आहे. थोरांसही समजावणारे कोणी लागते आणि ते वयाने लहान असू शकते, हा त्यातील बोध.

नित्य आचरणासाठी आम्ही चार गोष्टी ठरविल्या आहेत. जबडा आवळला, कान तापले की ती सूचना समजून बोलणे थांबवावे. दहा श्वास सावकाश घ्यावेत. सोडण्याचा श्वास अधिक लांब असावा. शक्य तर जागा सोडावी, पण "थोड्या वेळाने बोलू" असे सांगून. शांत झाल्यावर "तू असाच आहेस" असे न म्हणता "या गोष्टीने मला त्रास झाला" असे म्हणावे. इतके करूनही हात उगारला जात असेल, घरची माणसे भिऊन वागत असतील, तर वैद्यकीय सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

सोळाव्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईवडिलांसमक्ष आमची चूक कबूल केली. चारचौघांत केलेला अपमान एकांतात भरून निघत नाही, म्हणून त्याच सायंकाळी आरतीच्या वेळी सर्वांदेखत पुन्हा क्षमा मागितली. समईत तेल घालण्याचे काम आता त्याच्याकडे आहे. बुधली हाती घेताना तो अजूनही एकवार आमच्याकडे पाहतो. ती नजर निर्भय होईल तेव्हाच आमचा हा अभ्यास पुरा झाला असे आम्ही मानू.