शेतावरचं म्हातारं कुत्रं: कातडी आणि केस

आज पिकाचा मेसेज नाही, राखणदाराचा आहे. पंधरा दिवसांत तिघा सभासदांनी जवळजवळ सारखाच फोटो पाठवला. पाठीचे केस गेलेलं म्हातारं कुत्रं, आणि खाली प्रश्न: "फवारणीचं औषध पातळ करून लावू का?"

*नाही. अजिबात नाही.* क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी पिकाची औषधं कातडीतून आत जातात, शिवाय कुत्रं अंग चाटतं. म्हातारपणी त्याचं लिव्हर, किडनी थकलेली असते, विष लवकर बाहेर पडत नाही. लाळ गळणं, उलटी, थरथर, डोळ्याची बाहुली बारीक होणं ही विषबाधा. लावून झालंच असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्यानं धुवा आणि बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे न्या. जळकं ऑईलसुद्धा नको. गाईचं उरलेलं गोचिडाचं इंजेक्शनही अंदाजानं टोचू नका.

सात-आठ वर्षांनंतर तोंडाजवळ केस पांढरे होणं, अंगावरचे राठ होणं, कोपराला घट्टे पडणं हे वयाचं आहे. घट्टा फुटून जखम होते म्हणून फरशीवर गोणपाट टाका, एवढं पुरे.

पण रात्रंदिवस खाज, कानाच्या कडा आणि कोपरावर खपल्या असतील तर बहुतेक खरूज. ती माणसालाही लागते. पोरांना जवळ जाऊ देऊ नका.

खाज नाही, तरी दोन्ही कुशीचे केस सारखेच विरळ, अंग सुटलेलं, कुत्रं दिवसभर पडून? मग कातडीवर काही लावून उपयोग नाही. थायरॉईडचा आजार असू शकतो. रक्त तपासून कळतं, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. "म्हातारं झालंय, चालायचंच" म्हणून हाच आजार सगळ्यात जास्त सुटतो, असं मला वाटतं.

पावसाळ्यात रोज एकदा कानामागे, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्यात बघा. म्हाताऱ्या कुत्र्याला माश्या हाकलता येत नाहीत, छोट्या जखमेतही अळ्या पडतात. वास येतोय किंवा एकच जागा सारखं चाटतंय, तर थांबू नका. वाढणारी किंवा रक्त येणारी गाठही दाखवाच.

गोचीड असेल तर नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. मादी भिंतीच्या फटीत अंडी घालते, त्यामुळे गोठ्याच्या आणि खोपटाच्या फटी लिंपून घ्या. कुत्रं जेवत नसेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर गोचीडताप समजा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आंघोळ कपड्याच्या साबणानं घालू नका, कातडी कोरडी पडते. नुसत्या भाकरी-ताकावर केस सुधारत नाहीत, जमेल तेव्हा उकडलेलं अंडं द्या.

फोटो पाठवताना कुत्र्याचं वय आणि खाज आहे की नाही ते लिहा. मी डॉक्टर नाही. पण आज न्यायचं की दोन दिवसांनी चालेल, एवढं विचारून सांगतो.