कसर, बुरशी आणि घरातील कपाट

वाचनासाठी शास्त्रभाग: लेवीय १३:४७-५९, यशया ५१:८, मत्तय ६:१९-२१, याकोब ५:१-३, २ तीमथ्य ४:१३

पवित्र शास्त्रातील कसर आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ती कसर म्हणजे नेमका कोणता कीटक, तो कोणते वस्त्र खातो आणि कोणते सोडतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. उपदेशात कसर येते आणि जाते. कपाटात मात्र ती राहते. म्हणून या पाठात वस्त्रांविषयीचे काही शास्त्रभाग आणि आपल्या घरातील कपाट ही दोन्ही शेजारी ठेवून पाहावयाची आहेत.

प्रथम शब्दाविषयी. यशया ५१:८ मध्ये मूळ इब्री भाषेत या कीटकासाठी दोन शब्द एकापाठोपाठ आले आहेत. पहिला 'आश', जो ईयोबाच्या पुस्तकातही आढळतो. दुसरा 'सास', जो जुन्या करारात केवळ याच वचनात आहे. नव्या करारातील ग्रीक शब्द 'सेस' हा याच 'सास'चा आप्त असावा. भाषांतरकाराची अडचण अशी की मराठीतील 'कसर' हा शब्द काहीसा सैल आहे. पुस्तकांच्या पानांतून सळसळत पळणाऱ्या चंदेरी, बिनपंखी किड्यालाही आपण कसरच म्हणतो. शास्त्रातील कीटक तो नव्हे. ती एका लहानशा, फिकट सोनेरी पतंगाची अळी होय. संदेष्ट्याने दुसऱ्या शब्दाबरोबर नेमका लोकरीचा उल्लेख केला आहे आणि तो अचूक आहे. कारण या अळीचे अन्न म्हणजे लोकर, केस, पिसे व काही प्रमाणात रेशीम. उडणारा पतंग स्वतः काहीच खात नाही. कपाट उघडताच तो दिसला म्हणजे अंडी घालून झाली असावीत असे समजावे.

हा भेद केवळ पंडिती नाही. चंदेरी कसरीला पिष्ट हवे असते. खळ घातलेली सुती साडी किंवा कांजी केलेला सदरा वर्षभर घडी करून ठेवला, तर तो तिला पंगतीला बोलावल्यासारखाच होय. तेव्हा सुती वस्त्रे दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास खळ पूर्ण काढून, नुसती धुऊन ठेवावीत. खळ वापरण्याच्या वेळी घालता येते. याउलट पतंगाच्या अळीला स्वच्छ सुती कापडात रस नसतो. परंतु घामाचा, तेलाचा किंवा अन्नाचा डाग असेल तर ती त्या जागी सुती कापडही कुरतडते. दोन्ही शत्रूंविरुद्ध पहिला उपाय एकच ठरतो: मळलेले वस्त्र कधीही साठवणीत ठेवू नये. 'एकदाच तर घातले होते' असे म्हणून लग्नातील शालू किंवा कोट तसाच कपाटात जातो. त्यावर सांडलेल्या सरबताचा डाग त्या दिवशी दिसत नाही. वर्षभराने तो तपकिरी होऊन वर येतो. अशा डागावर इस्त्री फिरवली तर तो अधिकच पक्का होतो.

आता याकोब ५:२ पाहू. तेथील ग्रीक विशेषणाचा शब्दशः अर्थ 'कसरीने खाल्लेली' असा आहे आणि हाच शब्द ईयोब १३:२८ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात आला आहे. त्या काळी वस्त्र ही संपत्तीच होती. योसेफाने बन्यामिनाला पाच पोशाख दिले. नामानाने दहा पोशाख बरोबर घेतले. आखानाने एक झगा भूमीत पुरून ठेवला. हातमागावर विणलेले प्रत्येक वस्त्र कित्येक दिवसांच्या श्रमाचे फळ असे. म्हणून श्रीमंताच्या घरात ते नाण्यांप्रमाणे साठे. पण कीटकाचा स्वभाव पाहा. ही अळी प्रकाश टाळते, हालचाल टाळते. जे वस्त्र रोज अंगावर असते, झटकले जाते, उन्हात जाते, ते तिला लाभत नाही. तिला लाभते ते पेटीच्या तळाशी असलेले, ज्याला महिनोन्‌महिने कोणी हात लावला नाही असे. याकोबाच्या श्रोत्यांना हे सांगावे लागले नसेल: कसर लागलेले वस्त्र म्हणजे न वापरलेले वस्त्र. त्याच वचनांत मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा विषय का येतो, हे यावरून कळते.

आपल्याकडे 'कपड्यांना ऊन दाखवणे' हा जो जुना वाक्प्रचार आहे, त्यात हीच जाण आहे. पावसाळा सरला की आश्विनाच्या कडक उन्हात पेट्या रिकाम्या करण्याची रीत होती. दिल्ली, इंदूर, भोपाळ येथील आपल्या बांधवांना ही रीत लोकरीसाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथे स्वेटर व शाली मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बंद असतात. ठेवण्यापूर्वी लोकरी वस्त्र रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे. गरम पाण्याने लोकर आटते व नमद्यासारखी घट्ट होते. ते पिळू नये; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि आडवे पसरून वाळवावे. कॉलरच्या आतील बाजू, खिशाचे कोपरे व शिवणी ब्रशने झाडाव्यात. अंडी तेथेच असतात. नंतर घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवून मध्ये एकदोनदा तरी बाहेर काढावे. रेशमाला मात्र थेट ऊन सोसत नाही. त्याला सावलीतील वारा पुरे.

मुंबई, कोकण, गोवा व किनाऱ्यावरील इतर नगरांत राहणाऱ्यांचा मुख्य शत्रू कसर नव्हे, बुरशी. येथे लेवीय १३:४७-५९ हा भाग उघडावा. वाचनाच्या क्रमात आला की आपण तो भराभर ओलांडतो. माणसाच्या त्वचेच्या विकारासाठी वापरलेला इब्री शब्दच येथे लोकरीच्या, तागाच्या व चामड्याच्या वस्तूंसाठी आला आहे. आपल्या जुन्या भाषांतरातील 'महारोग' हा शब्दही तसाच दोन्हीकडे आहे, आणि वस्त्राला महारोग कसा होईल या विचाराने वाचक गोंधळतो. हिरवट किंवा तांबूस डाग पसरतो, धुतल्यावर जातो किंवा जात नाही, हे वर्णन पाहता अनेक भाष्यकार येथे बुरशी समजतात आणि मलाही तेच योग्य वाटते.

त्या नियमातील पायऱ्या लक्षपूर्वक वाचाव्यात. डाग दिसताच वस्त्र दाखवावयाचे. ते सात दिवस वेगळे बंद करून ठेवावयाचे. सातव्या दिवशी पाहावयाचे. डाग पसरला असेल तर वस्त्र जाळावयाचे. पसरला नसेल तर धुऊन आणखी सात दिवस वेगळे ठेवावयाचे. धुऊनही रंग बदलला नाही तर ते गेलेच; डाग फिका झाला असेल तर तेवढाच भाग फाडून काढावयाचा; डाग नाहीसा झाला असेल तर दुसऱ्यांदा धुऊन ते शुद्ध. येथे विधीचा अर्थ आहेच, तो मी नाकारीत नाही. पण गरीब घरातील एकुलते एक लोकरी पांघरूण वाचवण्याची केवढी काळजी या नियमात आहे! घाईने जाळावयाचे नाही आणि डोळेझाकही करावयाची नाही.

आपल्या घरी हाच क्रम जवळपास तसाच चालतो. बुरशी धरलेला कपडा इतरांतून त्वरित वेगळा करावा. तो घरात झटकू नये, कारण बुरशीचे सूक्ष्म कण उडून दुसऱ्या कपड्यांवर बसतात. बाहेर नेऊन ब्रशने झाडावा, धुवावा, उन्हात पूर्ण वाळवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला अनुकूल होते आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून अधिकच असते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, चार बोटे जागा सोडावी. कपडे कोंबून भरू नयेत. इस्त्रीतून नुकताच निघालेला कपडा वाफ जिरेपर्यंत बाहेर ठेवावा. पाऊस उघडला की कपाटाची दारे उघडावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कपडा सुरक्षित आहे असा पुष्कळांचा समज असतो. किंचित दमट कपडा तीत घातला तर ओल आतच कोंडते.

टी-शर्टांविषयी थोडे लिहितो, कारण ख्रिस्ती घरांत ते फार झाले आहेत. प्रत्येक युवक शिबिराचा एक, सुटीतील शास्त्रशाळेचा एक, अधिवेशनाचा एक. छातीवर वचन असल्यामुळे टाकवतही नाही! हे कापड विणीचे असते, मागावरचे नव्हे. ते ताणले जाते. त्यामुळे टी-शर्ट हँगरला टांगून ठेवू नये, खांद्यांना कोपरे येतात. दोरीवर वाळत घालताना खालच्या काठाने धरावा, उलटा करावा आणि सावलीत वाळवावा. छापील भागावर गरम इस्त्री थेट फिरवली तर छाप चिकटतो व नंतर भेगाळतो. आतून इस्त्री करावी. काखेतील पिवळेपणा घाम व घामरोधक द्रव्ये यांच्या संयोगाने येतो. क्लोरीनच्या ब्लीचने तो कधी कधी वाढतो, म्हणून धुण्यापूर्वी गार पाण्यात भिजवून साबण चोळावा. घड्या एकावर एक रचण्याऐवजी खणात पुस्तकांप्रमाणे उभ्या लावल्या तर सर्वच डोळ्यांसमोर राहतात आणि तळाचा असा कोणताच उरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा पाठ मुख्यतः लिहावासा वाटला ती. कसरीवर उपाय म्हणून आपण डांबराच्या गोळ्या ठेवतो. त्यांतील नॅफ्थलीन हवेत विरून बंद जागेत कीटकांना मारते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गोळ्या पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून वरच्या बाजूस ठेवाव्यात, कापडाला थेट लागू देऊ नयेत. परंतु तान्ह्या बालकांची वस्त्रे या गोळ्यांत कदापि ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तात 'जी-सिक्स-पीडी' नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते आणि ती असल्याचे घरात कोणालाही ठाऊक नसते. नॅफ्थलीनच्या वाफेने अशा बालकांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, तीव्र कावीळ होते आणि प्रसंगी प्राणावर बेतते. गोळ्यांत ठेवलेले कपडे व दुलया यांमुळे नवजात बालकांना असे झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आपल्या कुटुंबांत बाप्तिस्म्याचा झगा आजीपासून नातवापर्यंत चालतो आणि तो बहुधा याच गोळ्यांच्या वासासह पेटीतून थेट बालकाच्या अंगावर चढतो. असा झगा निदान काही दिवस आधी काढून, धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवावा. आणि यापुढे गोळ्यांशिवाय, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवावा. लहान मुले गोळी मिठाई समजून तोंडात घालतात, हा धोका वेगळाच. कडुनिंबाचा सुकवलेला पाला किंवा लवंगा यांचा थोडा उपयोग होतो. पण त्यांच्या भरवशावर मळका स्वेटर ठेवू नये, आणि ओला पाला तर बुरशीच आणतो.

वधूचा पांढरा शालू किंवा गाऊन पिवळा पडतो तोही बहुधा न धुतल्यामुळे आणि पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टनामुळे. त्यालाही मलमलच उत्तम. जरीवर अत्तर फवारू नये, ती काळवंडते. रेशमी वस्त्राची घडी दोनतीन महिन्यांनी मोडून निराळ्या जागी घालावी. एरवी घडीच्या रेषेवरच ते विरते.

मत्तय ६:१९ मधील 'जंग' या शब्दासंबंधी एक टिपण. मूळ ग्रीक 'ब्रोसिस'चा साधा अर्थ 'खाणे' एवढाच आहे. 'जंग' हे भाषांतरकारांनी निवडलेले रूप आहे आणि काही अभ्यासक तेथेही कीडच समजतात. लोखंडी ट्रंक वापरणाऱ्यांना मात्र जंग पटकन कळते. तिला आतून जुन्या धुवट चादरीचे अस्तर द्यावे. पांढऱ्या सुती कापडावर गंज लागलाच तर लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावे व नंतर स्वच्छ धुवावे.

या वचनावरून वस्त्रांची निगा राखणे हेच जगिक आहे असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. त्यांनी २ तीमथ्य ४:१३ वाचावे. तुरुंगातील पौलाला आपला झगा त्रोवसात कार्पाकडे आहे हे नेमके आठवते आणि हिवाळ्यापूर्वी येण्यास तो तीमथ्याला सांगतो. एक झगा, ठेवलेली जागा ठाऊक, आणि गरज पडताच मागवलेला. साठवण आणि साठेबाजी यांतील अंतर यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

लूक ३:११ मध्ये दोन अंगरखे असणाऱ्याला जे सांगितले आहे, ते करावयाचे तर अंगरखा देण्याजोगा असतानाच द्यावा लागतो. मंडळीत जुने कपडे गोळा करण्याची पेटी आली की आपण कपाटाचा तळ उपसतो. तोवर बरेच काही कसरीने आधीच घेतलेले असते. प्रेषितांची कृत्ये ९:३९ मधील विधवांनी टबीथाने केलेली वस्त्रे पेत्राला दाखवली, ती दाखवण्यासारखी होती. पेटीत घालण्यापूर्वी कपडा धुवावा, बटणे पाहावीत, खिसे रिकामे करावेत, उसवलेली शिवण घालावी. लोकरी कपडे थंडी सुरू होण्यापूर्वी द्यावेत. फाटके व डागाळलेले टी-शर्ट या गाठोड्यात घालू नयेत. त्यांची फरशी पुसण्याची फडकी चांगली होतात.